पाटा-वरवंटा आणि बास्केटबॉल

ईशान, परवा फोनवर तू सांगत होतास की तुमच्या टीममधल्या सगळ्यात उंच मुलाला या वर्षी खेळायला बंदी केली आहे. तो शेजारच्या गावातली शाळा सोडून तुमच्याकडे आला आणि समितीच्या मते त्याचं घर खरोखर बदललेलंच नाही. तुझा आवाज रडवेला होता. मी हसले. तुला राग आला आणि तू फोन आईकडे दिलास. रेवा, तुला तिकडे मेलबर्नला हे कळलं असेलच. आपल्या घरात आजीच्या वागणुकीची तक्रार आधी समुद्र ओलांडते, मग माझ्यापर्यंत येते.

म्हणून हा खुलासा. इथल्या एका दिवाळी अंकाचे संपादक गेली तीन वर्षं माझ्याकडे शिक्षकी पेशातले संस्कारक्षम प्रसंग मागत आहेत. तसला प्रसंग माझ्याकडे एकही नाही. जो आहे तो तुम्हा दोघांना लिहिते. त्यांना छापायचा तर छापोत.

तुम्हाला मी इंग्रजी शिकवणारी बाई म्हणून माहीत आहे. पण औरंगाबादेत, म्हणजे आताच्या संभाजीनगरात, लोक मला वीस-बावीस वर्षं ओळखायचे ते वेगळ्याच कामासाठी. शाळाशाळांच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या समितीची मी चिटणीस होते, आणि कोणतं पोर कोणत्या शाळेकडून खेळू शकतं याचा निकाल माझ्या टेबलावरून जायचा. थोडक्यात, ईशान, तुझ्या मित्राला ज्या लोकांनी बाहेर बसवलं, त्यांच्या जातीची मी.

मी आयुष्यात एकदाही बास्केटबॉलचा टप्पा देऊन पाहिलेला नाही. मला हे पद मिळालं ते नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं म्हणून. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी हैदराबादला मडमांच्या शाळेत सातवीत होते. नंतर राज्य बदललं, झेंडा बदलला, कचेऱ्यांची भाषा बदलली, पण मडमांनी छडीखाली शिकवलेलं इंग्रजी तेवढं अंगाला चिकटून राहिलं. समितीत माझ्याशिवाय चार ड्रिलमास्तर होते आणि अध्यक्ष म्हणून काझी साहेब, एक निवृत्त हेडमास्तर. मास्तरांना खेळ येत होता पण पुस्तक वाचता येत नव्हतं. मला पुस्तक वाचता येत होतं पण खेळ येत नव्हता. काझी साहेबांना दोन्हींशी काही कर्तव्य नव्हतं, त्यांना चहा वेळेवर लागायचा. अशी समिती वर्षानुवर्षं सुरळीत चालते.

आता काम काय ते सांगते. शाळा बदलायची तर जुन्या शाळेतून दाखला काढायचा आणि नव्या शाळेत द्यायचा. यात गैर काहीच नाही. पण उंची कुणाला शिकवता येत नाही, त्यामुळे आमचे ड्रिलमास्तर शिकवण्यापेक्षा शोधण्यावर भर द्यायचे. दुसऱ्या शाळेत एखादं पोर भराभर वाढताना दिसलं की त्याच्या घरी मास्तरांच्या फेऱ्या सुरू. फी माफ, कॅनव्हासचे बूट, वसतिगृहात खाट. एका शाळेनं तर एका मुलाच्या घरी म्हशीच्या दुधाचा रतीब लावून दिला होता. तो मुलगा दिवाळीपर्यंत उंच व्हायचं सोडून आडवा वाढला, हा भाग वेगळा. ही पळवापळवी थांबावी म्हणून नियम होता: जुलै संपल्यावर शाळा बदलली तर त्या वर्षी नव्या शाळेकडून खेळता येणार नाही. अपवाद एकच, आईवडिलांनी घर हलवलं असेल तर.

साहजिकच ऑगस्ट उजाडला की शहरातली निम्मी उंच मुलं घरं बदलायची.

पुरावा म्हणून रेशनकार्ड यायचं. पण रेशन ऑफिसातला कारकून स्वतः एका शाळेचा माजी खेळाडू होता आणि त्याचं शाळेवर फार प्रेम होतं. भाडेपावत्या यायच्या. एकाच हस्ताक्षरातल्या भाडेपावत्या शहराच्या चार टोकांच्या चार घरमालकांनी दिलेल्या मी पाहिल्या आहेत. कागदावर माझा फार विश्वास, पण या कागदांनी माझी सुद्धा श्रद्धा उडवली. तेव्हा मी ठरवलं की तक्रार आली की स्वतः घरी जाऊन बघायचं.

घरी जाऊन काय बघायचं, हे मला तुमच्या पणजींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, नकळत शिकवलं. तुमच्या आजोबांच्या तीन बदल्या झाल्या. प्रत्येक वेळी कपाटं, पलंग, आजोबांची पुस्तकं मागाहून आली तरी सासूबाईंचं काही म्हणणं नसायचं. पाटा-वरवंटा मात्र त्या स्वतःबरोबर टांग्यात घ्यायच्या, पायाशी. तो स्वयंपाकघरात बसेपर्यंत त्या नव्या घराला घर म्हणायच्या नाहीत, खोली म्हणायच्या. तुम्हा मुलांना हे सांगायला हवं: पाटा म्हणजे मसाला वाटायचा दगड, आणि वरवंटा म्हणजे त्यावर फिरवायचा लांबट गोल दगड. मिक्सर तेव्हा थोड्यांकडे होता आणि तोही शोकेसमध्ये. घरातल्या प्रत्येक बारशाला तोच वरवंटा टोपडं घालून पाळण्याखालून फिरवलेला असतो. तो कोण उसना देणार आणि मागे टाकून कोण जाणार?

तर ही माझी कसोटी. खाट, देवघर, भिंतीवरचा लग्नाचा फोटो यांच्याकडे मी बघायचीच नाही. सरळ स्वयंपाकघरात जायची आणि विचारायची, पाटा कुठं आहे? खोट्या घरात पाटा नसायचा. मास्तर लोक पुरुष, त्यांना सुचायचंच नाही.

एकदा सुचलं. बोराडे मास्तर म्हणून एक होते, आमच्या समितीतल्या चौघांपैकीच, शहरातल्या एका मोठ्या शाळेचे. आवाज असा की मैदानाच्या या टोकाला शिट्टी विसरले तरी चालायचं. त्यांच्या एका खेळाडूचं नवं घर बघायला मी छावणीत गेले. पाटा होता. मी त्यावरून बोट फिरवलं. नुकतीच टाकी लावलेली, खाचांत दगडाचा पांढरा भुगा, हळदीचा डाग औषधाला नाही. मी विचारलं, काल भाजी कसली केली होती? बाई म्हणाली, भरली वांगी. मी तिला बोट दाखवलं. ती बिचारी पदर तोंडाला लावून हसायलाच लागली आणि म्हणाली, "काय करू बाई, मास्तरांनी खाट सांगितली, फोटो सांगितला. तुम्ही दगड बघता म्हणून परवा कळलं, मग काल आणला."

मुलगा बाद. बोराडे मास्तर वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत, म्हणजे फक्त माझ्याविषयी बोलले. आजोबा मला पाटा-इन्स्पेक्टर म्हणायला लागले. मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू.

आता सिंधूची गोष्ट. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी असेल. सिंधू दहावीत होती आणि पाच फूट नऊ इंच उंच. आमच्याकडे त्या काळी एवढी उंच मुलगी दिसली की लोक आधी तिच्या लग्नाची काळजी करायचे आणि मग तिचं नाव विचारायचे. ती लासूर स्टेशनची, पॅसेंजरनं तासाभराच्या अंतरावरची. ऑगस्टमध्ये दाखला घेऊन औरंगाबादला आली आणि एका साध्या मुलींच्या शाळेत दाखल झाली. तिथं खेळ शिकवायला शिवणाच्या बाई होत्या. त्यांना खेळाचं एकच तत्त्व माहीत होतं, चेंडू सिंधूला द्या. पुढच्या वर्षी सिंधू शाळेतच नसणार, म्हणजे खेळायचं ते याच वर्षी.

बोराडे मास्तर त्या वर्षी त्यांच्या शाळेच्या मुलींना शिकवत होते आणि त्यांची पहिलीच मॅच या शाळेशी होती. त्यांनी लेखी हरकत घेतली: मुलगी उंचीसाठी आणलेली आहे, घर लासूरलाच आहे, चिटणीसबाईंनी आपली सुप्रसिद्ध कसोटी लावावी. सुप्रसिद्ध हा शब्द त्यांनी खाली रेघ मारून लिहिला होता.

मी बेगमपुऱ्यात गेले. एक खोली, तिला पुढं पत्र्याची ओसरी. सिंधूची आई गयाबाई दाराशी उभी होती, ठेंगणी, अंगानं बारीक. ही पोर हिच्या पोटची कशी, असं कुणालाही वाटलं असतं. खोलीत एक स्टोव्ह, दोन ताटल्या, एक घागर, दोरीवर कपडे. मी नेहमीचे प्रश्न विचारले. यजमान कुठं असतात? लासूरला, मोंढ्यात हमाली करतात. इकडं येणार आहेत का? बघू, म्हणाली. हे बघू म्हणताना ती माझ्याकडे नाही, दाराकडे बघत होती. तेव्हा मी ते टिपलं नाही. मी स्वयंपाकाच्या कोपऱ्याकडे बघत होते.

"पाटा कुठं आहे तुमचा?"

"तिकडंच हाये."

"मग वाटण कशावर करता?"

"शेजारच्या भाभी वाटू देतात, त्यांच्या सिलवर."

मला आणखी काय हवं होतं? बाप तिकडं, पाटा तिकडं. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात इतकी सरळ केस आली नव्हती. मी वहीत टिपणं घेतली आणि निघाले. सिंधू मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. कोपऱ्यावर म्हणाली, "बाई, पाटा नाय म्हणून खेळता येणार नाय व्हय?"

मी म्हटलं, पाट्याचा प्रश्न नाही, घर बदललेलं नाही हा प्रश्न आहे.

"बदललंय की."

"वडील तिथं, सामान तिथं. मग बदललं काय?"

तिनं तोंड उघडलं, मागं खोलीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. मी शिक्षिका. पोरीनं उत्तर दिलं नाही म्हणजे तिच्याकडे उत्तर नाही, असं समजायची आम्हाला सवय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निकाल मैदानावरच्या फळ्यावर लावला. माझी नोटीस बघण्यासारखी असायची. पाच रकाने: नाव, जुना पत्ता, नवा पत्ता, निकाल, कारण. सगळं उघड, सगळं स्वच्छ अक्षरात, कुणी म्हणायला नको की बाईंनी आत काही शिजवलं. खाली लाल शाईत एक ओळ, नोटीस फाडणाऱ्यावर कारवाई केली जाईल. स्पर्धा तीन दिवसांवर होती. बाहेरगावचे संघ आधीच येऊन शाळांमध्ये उतरायचे आणि आले की पहिल्यांदा फळ्यावर गर्दी करायचे, आपल्या कुणाला बाद केलं का ते बघायला.

दुपारी मी जेवून उठले तोच दार वाजलं. गयाबाई. शिवणाच्या बाईंकडून माझं घर विचारत चालत आली होती. मला वाटलं रडारड होणार. अशा आया यायच्या. कुणी पाया पडायच्या, कुणी शेवग्याच्या शेंगा आणायच्या. मी ठरलेलं वाक्य तयार ठेवलं होतं, की नियम मी केलेला नाही.

ती बसली नाही. उभ्या उभ्या म्हणाली, "बाई, पोरगी नाय खेळली तरी चालंल. पण फळ्यावरचा तेवढा पत्ता पुसा."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, पत्ता असा पुसता येत नाही, पद्धत आहे. मग ती मला समजावून सांगायला लागली, लहान मुलाला सांगावं तसं, आवाज न चढवता. नवरा दारू प्यायचा ते होतंच. पण त्या उन्हाळ्यात त्यानं सिंधूवर हात उचलला आणि सिंधूनं तो हात धरून ठेवला. बापापेक्षा पोर उंच झाली होती. त्यानंतर तो दोघींना घर पेटवायची धमकी द्यायला लागला. ऑगस्टमध्ये एका सकाळी तो मोंढ्यात गेला आणि या दोघी पॅसेंजरनं निघाल्या. तिच्या पिशवीत दोन लुगडी होती, पोरीची पुस्तकं होती आणि दाखला होता, जो हेडमास्तरांनी न विचारता करून दिला होता.

"पाटा घेऊन गाडीत बसले असते तर साऱ्या ठेसनाला कळलं असतं," ती म्हणाली. "अन् तुम्ही पाटाच बघितला."

तिचा सूर तक्रारीचा नव्हता. तिनं फक्त सांगितलं. मला एखाद्यानं कानाखाली दिली असती तर बरं वाटलं असतं.

मी विचारलं, हे तुम्ही मला काल का नाही सांगितलं? ती म्हणाली, तुम्ही वहीत लिहीत होतात. लिहिलेलं लोक वाचतात.

मग मी तिला विचारलं, समजा सिंधू खेळली, तर लासूरची मुलं तिला बघतील, बापाला सांगतील, मग? त्यावर ती म्हणाली, "शाळा त्याला ठावं झालीच हाये. येऊन गेला एकदा. हेडबाईनं शिपायाकरवी वाटंला लावला. शाळेत चारशे पोरी असतात, बाई. खोलीत आम्ही दोघी."

लासूरचा संघ संध्याकाळच्या पॅसेंजरनं येणार होता. हे मला पाठ होतं, कारण वेळापत्रक मीच केलं होतं.

मी तिला घरीच बसवलं आणि सायकलरिक्षा करून मैदानाकडे निघाले. रिक्षात बसल्यावर मला दोन वर्षांपूर्वीची एक मुलगी आठवली. जालना रोडच्या कडेला एका खोलीत तिची आई आणि ती राहत होत्या. तिथंही पाटा नव्हता, तिथंही आई बघू म्हणाली होती आणि मी पाच मिनिटांत निकाल लावून बाहेर पडले होते. त्या मुलीचं नाव माझ्या जुन्या फायलीत सुवाच्य अक्षरात असेल. तिला काय झालं, ती पुढं खेळली का, तिच्या घरी कुणी आलं का, मला माहीत नाही. ईशान, तू रडवेला झालास तेव्हा मी हसले, पण ते तुला नव्हे, त्या समितीत मला मीच दिसले म्हणून.

मैदानावर कुणी नव्हतं, फक्त शिपाई चुन्याच्या फक्कीनं मैदानाच्या रेघा मारत होता. मी फळ्यापाशी गेले आणि नोटीस ओढली. माझी चिकटवायची खळ फार चांगली असायची. अर्धी नोटीस हातात आली, नव्या पत्त्याचा रकाना तसाच फळ्यावर. मी नखांनी खरवडायला लागले. शिपाई मागं येऊन उभा राहिला.

"बाई, ते फाडणाऱ्यावर कारवाई होते," तो म्हणाला. "तुमीच लिवलंय खाली."

मी म्हटलं, मग कर कारवाई, पण आधी पाणी आण. त्यानं फक्कीच्याच बादलीत पाणी आणलं. आम्ही दोघांनी मिळून तो रकाना भिजवून खरवडून काढला. लासूरची मुलं तासाभरानं मैदानावर आली, फळा बघून गेली. त्यांना तिथं पांढरा धब्बा दिसला असेल, एवढंच.

पण अजून सिंधूचा निकाल होता. तो बदलायचा तर समितीपुढं जायला हवं, आणि समितीपुढं जायचं तर कारण हवं, पुरावा हवा, पत्ता हवा. गयाबाईला मी शब्द दिला होता की तिच्या घरचं काही बाहेर जाणार नाही. समिती म्हणजे चार ड्रिलमास्तर. त्यांना एक गोष्ट सांगणं म्हणजे गुलमंडीवर दवंडी देणं.

दुसऱ्या दिवशी बैठक. मी नवा कागद काझी साहेबांपुढं ठेवला. नाव, निकाल: पात्र, कारण: घर खरोखर बदलले असून आधीच्या तपासणीत चिटणीसांची चूक झाली. पत्त्याचे दोन्ही रकाने मोकळे. तो कागद पुढं सरकवण्याआधी मी दोनदा मागं ओढला. तुम्हाला हे हास्यास्पद वाटेल. पण मी आयुष्यात वाण्याची यादीसुद्धा अर्धवट रकान्यानं ठेवलेली नाही.

काझी साहेबांनी चष्मा पुसला, कागद पाहिला. "बाई, आपने खाना खाली छोडा?" खाना म्हणजे रकाना.

"हो."

"वजह?"

"सांगणार नाही, साहेब. सांगायची नाही असं ठरवलंय."

त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि चहा मागवला. त्यांच्याकडून याहून मोठा पाठिंबा मला कधी मिळाला नाही.

बोराडे मास्तर मात्र उठून उभे राहिले. त्यांच्या पोराला दगडाच्या भुग्यावरून बाद केलं, आणि आता बाईंची चूक, रकाना रिकामा, वर कारण विचारायचं नाही. असं असेल तर उद्यापासून सगळेच रिकामे कागद आणतील. सगळं बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असते तर हेच बोलले असते, फक्त जरा हळू आवाजात. मी त्यांची हरकत शब्दशः वहीत उतरवून घेत राहिले. शेवटी ते थांबले, कारण भांडायला समोरून कुणी नव्हतं.

"बाई, तुम्ही सोता पाहिलं का?"

"पाहिलं."

"आन् तुम्हाला पटलंय."

"पटलंय."

ते खाली बसले. बशीत चहा ओतला, प्यायले. मग म्हणाले, "मग मला माईक द्या."

हे समजावून सांगायला हवं. सामन्यांच्या वेळी लाउडस्पीकरवर कुणीतरी बोलायचं, गुण किती झाले, कोण बाहेर गेलं. बोराडे मास्तरांची या कामासाठी अनेक वर्षांची मागणी होती आणि मी अनेक वर्षं ती नाकारत होते. कारण एकदा त्यांच्या हाती माईक दिला तेव्हा सबंध सामन्यात प्रतिस्पर्धी शाळेचं नाव एकदाही उच्चारलं गेलं नव्हतं. आता त्यांनी हरकत मागे घ्यायची ही किंमत सांगितली, तीही सगळ्यांसमोर, अगदी निर्लज्जपणे. मी काझी साहेबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

मी माईक दिला. माझ्या सगळ्या कारकिर्दीतली ही एकच लाच.

मॅचच्या दिवशी मी गुणलेखकाच्या टेबलाशी बसले. मैदान भरलं होतं, लासूरची पोरंही होती. मी दर दोन मिनिटांनी फाटकाकडे बघत होते. सिंधूचा बाप काही आला नाही. शिपायाला मी फाटकाशी काठी घेऊन बसवलं होतं. कशासाठी ते त्यानं विचारलं नाही, मला वाटतं त्याला कळलं होतं. सिंधू सलवार-कमीज घालून, ओढणी कमरेला आवळून मैदानात उतरली आणि लोकांनी एक मोठा श्वास घेतला. बोराडे मास्तर माईकवरून बोलायला लागले आणि लगेच लक्षात आलं की त्यांनी माईक का मागितला होता. बाजूला उभं राहून खेळाडूंना सूचना देण्याऐवजी ते सबंध सामन्यात आपल्या पोरींना लाउडस्पीकरवरून सूचना देत होते. "प्रेक्षकहो, आता मंगल डावीकडून जाईल. मंगल, डावीकडून." प्रेक्षकांनाही एकदम सगळा खेळ कळायला लागला. आमच्या इतिहासातलं सगळ्यात चांगलं समालोचन तेच.

आणि सिंधू? मुलांनो, ज्या पोरीसाठी मी माझी नोटीस फाडली, रकाने रिकामे सोडले, लाच दिली, तिला बास्केटमध्ये चेंडू टाकता येत नव्हता. लासूरला रेल्वेच्या एका बाबूनं तेलाच्या पिंपाची कडी कापून खांबाला ठोकली होती, त्यावर ती शिकली. ती कडी खऱ्या रिंगपेक्षा चांगलीच मोठी. इथं तिचा प्रत्येक चेंडू रिंगेच्या कडेवर आपटून बाहेर. शिवणाच्या बाईंनी डोक्याला हात लावला. बोराडे मास्तर माईकवरून म्हणाले, प्रेक्षकहो, काळजीचं कारण नाही.

मग ती चिडली. चेंडू परत मिळवायला अशी धावायला लागली की समोर कोण आहे हे तिला दिसत नव्हतं. पहिला फाऊल, मंगलच्या खांद्यावर. दुसरा, मंगलच्याच. तिसऱ्याला पंच स्वतः मध्ये आले आणि बाजूला फेकले गेले. चौथ्यानंतर शिवणाच्या बाई ओरडत होत्या, हात खाली, सिंधू, हात खाली. पाचवा मध्यंतराच्या आधीच झाला. पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर, उरलेल्या सामन्यात परत येता येत नाही. लाउडस्पीकरवरून सबंध गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तिचं नाव पुकारलं गेलं.

ती घामाघूम होऊन माझ्या टेबलाशेजारच्या बाकावर येऊन बसली. गुडघा फुटला होता, केसांची एक वेणी सुटली होती. आता ही रडेल, असं वाटून मी रुमाल काढला. तिनं तो घेतला आणि गुडघा पुसला. मग माझ्या कागदात डोकावली, तिच्या नावापुढच्या पाच खुणा बोटानं मोजल्या.

"बाई, हे फाऊल झाले म्हणून बाहेर ना? दुसरं कायी नाय ना?"

"नाही. फक्त फाऊल."

"मग ठीक हाये," ती म्हणाली, आणि बाकावर उभी राहून, मंगलला अडवा, मंगलला, असं आपल्या पोरींना ओरडून सांगायला लागली.